मृताच्या मालमत्तेचा कारभारी

मनुष्य मृत्युपत्र करितो, तेव्हां आपल्या माघारीं तें अमलांत आणण्यासाठीं तो बहुधा एखाद्या विश्वासू माणसाचें नांव त्यांत घालितो. कोर्टाच्या भाषेंत त्यास एक्झिक्यूटर म्हणतात; आपण त्यास कारभारी म्हणूं. खेड्यांत हें काम पुष्कळदां शिक्षकाकडे, उपदेशकाकडे किंवा थोरल्या भावाकडे येतें. तें पत्करणें सक्तीचें नाहीं. जमत नसेल तर प्रारंभींच सहीनिशीं लेखी नकार द्यावा. मालमत्तेस हात घालून मग अंग काढून घेणें बरें नव्हे.

भारतीय ख्रिस्ती लोकांच्या मृत्युपत्रांस सन १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. देण्यांचा क्रम त्यांत ठरलेला आहे. पहिल्यानें प्रेतक्रियेचा वाजवी खर्च व शेवटच्या दुखण्यांतील औषधोपचार. मग कोर्टाचा खर्च झाला असल्यास तो. मग मजूर, कारागीर व घरगडी यांची मरणापूर्वींच्या तीन महिन्यांतील थकलेली मजुरी. मग इतर कर्ज. हें सर्व फिटल्यावरच मृत्युपत्रांतील देणग्या.

एक उदाहरण घेऊं. एका शेतकऱ्यानें घर व शेत पत्नीस आणि ३०,००० रुपये पुतण्यास लिहून ठेविले. त्याच्या मागें रोकड ८०,००० रुपये निघाली. दवाखाना व प्रेतक्रिया यांचे १८,०००, सालगड्याच्या दोन महिन्यांच्या मजुरीचे १६,००० व दुकानदाराच्या उधारीचे २६,००० असे एकंदर ६०,००० रुपये देणें होतें. तिसऱ्याच दिवशीं पुतण्या दारीं आला. कारभाऱ्यानें भिडेस पडून त्यास ३०,००० दिले असते, तर देणें फेडण्यास १०,००० कमी पडले असते, आणि ती तूट कारभाऱ्यास पदरची भरून द्यावी लागली असती. सालगडी गरीब, त्याचा आवाज लहान. म्हणूनच कायद्यानें त्यास पुतण्याच्या पुढें बसविलें आहे. देणें फेडल्यावर उरलेले २०,००० एवढेच पुतण्याचे.

मरणापासून एक वर्ष पुरें होईपर्यंत देणग्या देण्याची सक्ती कारभाऱ्यावर नाहीं. हा अवधि देणेकरी व येणेकरी यांचा तपास करण्यासाठीं आहे, आळसासाठीं नव्हे.

मृत्युपत्र कोर्टाकडून शाबीत करून घेणें यास प्रोबेट म्हणतात. सन २००२ च्या दुरुस्तीनें भारतीय ख्रिस्ती लोकांस तें सक्तीचें राहिलें नाहीं. तथापि तंटा असल्यास तें घेणें हिताचें असतें. प्रोबेट घेणाऱ्यानें सहा महिन्यांत मालमत्तेची यादी व एका वर्षांत जमाखर्चाचा हिशेब कोर्टांत दाखल करावयाचा असतो. जो कोर्टांत जात नाहीं, त्यानेंही हाच नियम स्वतःस लावून घ्यावा. मृताचा पैसा आपल्या पैशांत मिसळूं नये. प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. वही विधवेस व वारसांस मागतांच दाखवावी. "माझ्यावर विश्वास नाहीं काय?" असें म्हणून वही झांकणारा कारभारी विश्वास गमावितो. मृताला हिशेब विचारतां येत नाहीं, म्हणूनच तो अधिक चोख ठेविला पाहिजे.

विचारावयाचे प्रश्न

१. देणग्यांच्या आधीं कोणकोणतीं देणीं फेडावीं?
२. वरील उदाहरणांत घाईनें कोणाचें नुकसान झालें असतें?
३. आपल्या हातीं असलेल्या दुसऱ्याच्या पैशाची वही आज दाखवितां येईल काय?