लव्हबर्डचा पिंजरा आणि आपल्या खोलीची हवा

वस्तीतल्या कुठल्याही गल्लीतून चालत गेले, तर एखाद्या तरी दारावर छोटासा पिंजरा टांगलेला दिसतोच. आत एक हिरवा-पिवळा आणि एक निळा-पांढरा पक्षी. आपण त्यांना लव्हबर्ड म्हणतो. बऱ्याच घरांत मुलांनी हट्ट करून आणलेला हा पहिलाच पाळीव जीव असतो. कुत्र्याला जागा लागते, मांजर घरमालकाला चालत नाही. पिंजऱ्याला मात्र एक खिळा पुरतो, असे आपल्याला वाटते. आणि मग महिना-दोन महिन्यांत पिंजरा रिकामा होऊन माळ्यावर जातो.

आमच्याही घरी हेच झाले. दहा बाय बाराची खोली. मुलगी पाचवी पास झाली म्हणून जोडी आणली आणि ओट्याच्या वरच्या खिळ्याला पिंजरा टांगला, कारण मोकळा खिळा तेवढाच होता. एका रविवारी नॉनस्टिक तवा गॅसवर तसाच राहिला आणि आम्ही पाणी भरायला नळावर गेलो. परत आलो तेव्हा खोलीत किंचित करपट वास होता. नर पिंजऱ्याच्या तळाशी पडला होता. मादी संध्याकाळपर्यंत गेली. आम्हाला कोणालाच काही झाले नव्हते. मुलीने एवढेच विचारले, "आई, आपलं काय चुकलं?" पशुवैद्यांना विचारून, वाचून आणि पुढे दुसरी जोडी सांभाळून या प्रश्नाचे जे उत्तर आम्हाला मिळाले, ते या पानावर मांडत आहोत.

आधी पक्षी ओळखू या

आपल्याकडे लव्हबर्ड म्हणून विकला जाणारा हा पक्षी बहुतेक वेळा बजरीगर असतो. दुकानदार त्याला 'बजरी' म्हणतात. तो मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानातला, थव्याने राहणारा. वजन जेमतेम ३० ते ४० ग्रॅम. नीट सांभाळला तर ५ ते १० वर्षे जगतो. म्हणजे आज तिसरीत असलेले मूल दहावीला जाईपर्यंत हा पक्षी घरात असू शकतो. आणताना हा हिशेब मनात हवा.

चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवतीचा भाग मोठ्या नरात बहुधा निळा आणि मादीत तपकिरी असतो. हा पक्षी एकटा झुरतो, म्हणून जोडी ठेवावी. दोन नरही एकत्र छान राहतात.

आपला हिरवा पोपट, मुनिया, मैना हे पक्षी मात्र घरात ठेवू नयेत. ते रानातून पकडून आणलेले असतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्यांना पकडणे, विकणे आणि पाळणे गुन्हा आहे. बजरीगर पिंजऱ्यातच पैदास झालेला असतो, त्यामुळे तो चालतो. याच कारणाने दया येऊन त्याला बाहेर सोडूही नये. त्याला इथे दाणा शोधता येत नाही आणि कावळे त्याला टिकू देत नाहीत.

घरात कोणाला दमा असेल, टीबीचे औषध चालू असेल किंवा तान्हे बाळ असेल, तर तूर्त पक्षी आणू नये. कारण पुढे येईलच.

पिंजरा आडवा लांब हवा

बाजारात गोल, उंच, घुमटाचा पिंजरा स्वस्त मिळतो. दिसायला तो छान, पण पक्ष्यासाठी वाईट. बजरीगर वर-खाली उडत नाही, आडवा उडतो. जोडीसाठी पिंजरा किमान दोन फूट लांब आणि दीड फूट रुंद-उंच असावा. गजांमधले अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, नाहीतर डोके अडकते. रंगाचे पोपडे निघालेला किंवा गंजलेला जुना पिंजरा घेऊ नये. पक्षी गज चावतो आणि ते पोटात जाते.

आतल्या प्लॅस्टिकच्या गुळगुळीत दांड्या काढून टाकाव्यात. त्यावर बसून तळपायाला फोड येतात. पेरूची किंवा कडुलिंबाची बोटाएवढी जाड फांदी आणावी, धुऊन उन्हात वाळवावी आणि आडवी बसवावी. दोन फांद्या कमी-जास्त जाडीच्या असल्या तर पायाला व्यायाम होतो. फांदीच्या खाली दाण्याची किंवा पाण्याची वाटी येऊ देऊ नये, विष्ठा त्यातच पडते.

दुकानदार पिंजऱ्याबरोबर छोटे मडके देऊ करतो. ते घेऊ नये. मडके दिसले की मादी अंडी घालायला लागते. लागोपाठ अंडी घालून तिच्या अंगातले कॅल्शियम संपते, कधी अंडे अडकते आणि मादी मरते. पिल्ले झालीच, तर त्यांना जागा कुठे आहे?

टांगायचा कुठे?

आमची खरी चूक इथे झाली. पक्ष्याच्या फुफ्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात. प्रत्येक श्वासाला तो आपल्यापेक्षा कितीतरी चांगल्या रीतीने हवा ओढून घेतो. उडायला त्याला तेवढी ताकद लागते. पण हवेत विष असेल, तर तेही तेवढ्याच वेगाने त्याच्या अंगात जाते. नॉनस्टिक भांडे रिकामे तापले की त्याच्या लेपातून निघणारा वायू आपल्याला जाणवतही नाही, पण पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. मिरचीच्या फोडणीचा धूर, मच्छर कॉइल, धूप, बिडी-सिगारेट, फवारणीचे औषध, रंगकामाचा वास हे सगळे त्याला घातक आहे.

म्हणून पिंजरा ओट्यापासून जितका लांब नेता येईल तितका न्यावा, शक्यतो दार-खिडकीच्या बाजूला. बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती-अगरबत्ती लागते, त्या भिंतीवरही नको. पक्षी असलेल्या खोलीत नॉनस्टिक वापरू नये, लोखंडी तवा बरा. रात्री कॉइलऐवजी मच्छरदाणी लावावी. एक गोष्ट लक्षात घ्या: जो धूर पक्ष्याला एका दिवसात मारतो, तोच आपल्या लेकरांच्या छातीत वर्षानुवर्षे जात असतो. पिंजऱ्यासाठी केलेला हा बदल सगळ्या घराच्याच कामी येतो.

आणखी काही गोष्टी जागा ठरवताना पाहाव्यात:

• पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लागून असावी. चारही बाजू उघड्या असल्या की पक्षी घाबरतो.

• उंची आपल्या छातीएवढी असावी आणि उंदीर-मांजराला तिथे चढता येऊ नये.

• पाण्याचा माठ, ताटे-वाट्या आणि बाळाचा पाळणा यांच्या वर पिंजरा नको.

• पत्र्याच्या घरात एप्रिल-मेमध्ये छताजवळ भट्टी असते. त्या दिवसांत पिंजरा खाली आणावा, दुपारी ओला फडका एका बाजूला टाकावा. पक्षी चोच उघडून धापा टाकत असेल आणि पंख अंगापासून लांब धरत असेल, तर त्याला ऊन लागते आहे.

• त्याला रोज १० ते १२ तास अंधार आणि शांतता लागते. एका खोलीत टीव्ही रात्री उशिरापर्यंत चालतो. संध्याकाळी तीन बाजूंनी जुनी सुती साडी टाकावी, चौथी बाजू हवेसाठी उघडी ठेवावी.

रोज तासभर त्याला खोलीत मोकळे सोडता आले तर उत्तम. त्याआधी दार-खिडकी लावावी, पंखा बंद करावा, गॅस बंद करावा, पाण्याच्या बादल्या झाकाव्यात.

दाणा-पाणी

राळे आणि बाजरी हा मुख्य दाणा. एका पक्ष्याला दिवसाला साधारण दोन लहान चमचे पुरतात. बजरीगर दाणा सोलून खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. वरून पाहिले तर वाटी भरलेली दिसते आणि आत पक्षी उपाशी असतो. म्हणून रोज सकाळी वाटी दाराबाहेर नेऊन टरफले काढावीत आणि ताजा दाणा घालावा.

नुसत्या दाण्यावर ठेवलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व कमी पडते, मग सर्दी आणि श्वासाचे आजार होतात. कोथिंबीर, मेथी, पालक, किसलेले गाजर, मोड आलेले मूग यांतले काहीतरी रोज चिमूटभर द्यावे. भाजी नीट धुऊन द्यावी आणि दुपारपर्यंत उरलेली काढून टाकावी. कॅल्शियमसाठी समुद्रफेनाचा तुकडा गजाला अडकवावा. चहा, फरसाण, चॉकलेट, खारट आणि तळलेले काहीही देऊ नये. मुले प्रेमाने देतात, त्यांना आधीच समजावून सांगावे.

पाणी आपण पितो तेच द्यावे. ते रोज बदलावे, उन्हाळ्यात दोनदा. वाटी घासून घ्यावी, नुसते वरून पाणी ओतू नये.

सफाई: पक्ष्याची आणि आपल्या छातीची

पिंजऱ्याच्या तळाला वर्तमानपत्र घालावे आणि ते रोज बदलावे. आमच्या घरी सासूबाई वाळलेली विष्ठा सुक्या झाडूने झाडायच्या. पहिल्या जोडीच्या काळात त्यांना सतत कोरडा खोकला होता. डॉक्टरांनी थुंकी तपासली, टीबी नव्हता. मग त्यांनी विचारले, "घरात पक्षी आहेत का?" हा प्रश्न आपण होऊन त्यांना सांगायचे आम्हाला सुचले नव्हते.

पिसांची भुकटी आणि सुकलेली विष्ठा हवेत उडते आणि श्वासावाटे छातीत जाते. काहींना त्याची ॲलर्जी होते, दमा वाढतो. वर्षानुवर्षे ही धूळ छातीत गेली, तर फुफ्फुसांना कायमची इजा होऊ शकते. शिवाय सिटॅकोसिस नावाचा एक संसर्ग पक्ष्यांपासून माणसाला होतो. पक्षी वरून ठणठणीत दिसत असला तरी त्याच्या विष्ठेतून जंतू पडत असू शकतात. एक-दोन आठवड्यांत ताप, थंडी, डोकेदुखी, अंगदुखी आणि कोरडा खोकला सुरू होतो. त्यावर औषध आहे आणि ते गुणकारी आहे, पण डॉक्टरांना पक्षी असल्याचे कळले तरच त्यांना ते सुचते.

म्हणून सफाईची पद्धत अशी ठेवावी:

१. नाका-तोंडाला मास्क किंवा ओढणी बांधा.

२. कागदावर आधी पाणी शिंपडा. ओला झाला की गुंडाळून कचऱ्याच्या पिशवीत टाका. सुके झाडू नका.

३. आठवड्यातून एकदा पिंजरा साबण आणि गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. घासायचा ब्रश वेगळा ठेवा. भांडी घासायच्या मोरीत धुवायची वेळ आली, तर नंतर मोरीही घासून घ्या.

४. प्रत्येक वेळी हात साबणाने धुवा, मुलांनाही धुवायला लावा. पक्ष्याला तोंडाने दाणा देणे, चोचीचा मुका घेणे बंद.

आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर "पक्ष्यांमुळे असेल" म्हणून घरी बसू नका. सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. ती आधी करून घ्या आणि डॉक्टरांना पक्ष्यांचेही सांगा.

आजारी पक्षी लपवतो

रानात आजारी दिसला की पक्ष्यावर शिकारी झडप घालतो, म्हणून शेवटपर्यंत तो आजार लपवतो. पिसे फुगवून बसणे, दिवसा झोपणे, तळाशी उतरणे, श्वासाबरोबर शेपटी वर-खाली होणे, विष्ठा पातळ होणे यांतले काहीही दिसले, तर त्याच दिवशी त्याला वेगळे करून उबदार जागी ठेवावे आणि पशुवैद्यांकडे न्यावे. उद्यावर टाकू नये. मुंबईत परळचे बैलघोडा हॉस्पिटल जुन्या लोकांना माहीत आहे. इतर ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. माणसाची गोळी कुटून देऊ नये.

शेवटी

चार महिने पिंजरा रिकामा ठेवून आम्ही दुसरी जोडी आणली. पिंजरा आता दाराजवळ आहे, तवा लोखंडी आहे आणि झाडूऐवजी ओला फडका आहे. सासूबाईंचा खोकला थांबला. सकाळी टरफले काढायचे काम मुलीचे आहे, ते ती विसरत नाही. जोडीला तीन वर्षे झाली.

प्राणिमात्रांशी मैत्री आपण वंदनेत रोज म्हणतो. ज्याला आपण घरात आणून कोंडले, त्याचे दाणा-पाणी आणि श्वास आपल्याच हातात आहे. जागा, वेळ आणि धूर नसलेला एक कोपरा देता येत असेल तर जरूर आणा. देता येत नसेल, तर मुलाला समजावून सांगा आणि दाराबाहेर चिमण्यांसाठी पाण्याची वाटी ठेवा. ती मात्र रोज रिकामी करून घासा, म्हणजे त्यात डासांच्या अळ्या होणार नाहीत.