डीजी सेटवरचा तो लेख कोणी लिहिला?

प्रश्न: आमची सोसायटी गाझियाबादच्या इंदिरापुरममध्ये आहे आणि यंदा मी व्यवस्थापन समितीवर आहे. जनरेटरच्या धुरासाठी उपकरण बसवायचं म्हणून आम्ही काही कंपन्यांकडून कोटेशन मागवलं. त्यातल्या एका कंपनीच्या माणसाने व्यापारी मासिकात छापून आलेला चार पानी लेख आमच्या हातात ठेवला. लेखक म्हणून त्याच कंपनीच्या उपाध्यक्षांचं नाव आणि फोटो. लेखात आलेख आहेत, आकडे आहेत, भाषाही बरी आहे. कुतूहल म्हणून विचारतो, असे लेख खरोखर लिहितं कोण? मासिकं ते पैसे घेऊन छापतात का? आणि आम्ही त्यावर किती भरवसा ठेवायचा?
– एक वाचक, इंदिरापुरम

उत्तर: बहुतेक वेळा उपाध्यक्ष लिहीत नाहीत. लेख कंपनीच्या मार्केटिंग विभागातला एखादा इंजिनिअर लिहितो, नाहीतर जनसंपर्क एजन्सीतला लेखक, नाहीतर माझ्यासारखं कोणीतरी. मी आधी दिल्लीतल्या एका व्यापारी मासिकाच्या संपादकीय टेबलावर होतो, पुढे कंपन्यांना असे लेख लिहून देऊ लागलो. दोन्ही बाजू पाहिल्या असल्यामुळे तुमच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यावंसं वाटतं, कारण तुमच्या सोसायटीचे बरेच पैसे त्यावर अवलंबून आहेत.

या कामाला दिल्ली परिसरासारखी जागा नाही. ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ इथूनच १९६९ साली सुरू झालं. इंडियन रोड्स काँग्रेसचं ‘इंडियन हायवेज’ इथूनच निघतं. सिंचन आणि वीज या विषयांवरचं केंद्रीय मंडळ, म्हणजे सीबीआयपी, मालचा मार्गावर आहे. वातानुकूलनवाल्या इंजिनिअरांची ‘इश्रे’ ही संघटना १९८१ साली दिल्लीतच स्थापन झाली. भोवती ओखला, नारायणा, साहिबाबाद, फरिदाबाद, मानेसर, ग्रेटर नोएडा असा कारखान्यांचा पट्टा. त्यात ‘इलेक्रामा’सारखं मोठं प्रदर्शन ग्रेटर नोएडाच्या एक्स्पो मार्टमध्ये भरायचं असलं, की काही महिने आधीपासून लिहिणाऱ्यांचे फोन वाजू लागतात. विशेषांकात आपला लेख हवाच, असं प्रत्येक कंपनीला वाटतं. मासिकांनी वर्षभराचे विषय आधीच जाहीर केलेले असतात, आणि मार्केटिंगवाल्यांच्या टेबलावर ते कॅलेंडर चिकटवलेलं असतं.

तुमच्या हातातला लेख कुठून आला असेल, याचा अंदाज सहज करता येतो. जनरेटरसाठी सीपीसीबी-४ प्लस हे नवे उत्सर्जन निकष १ जुलै २०२३ पासून लागू झाले. पाठोपाठ दिल्ली परिसराच्या वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने १ ऑक्टोबर २०२३ पासून जुन्या डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, सेटवर निर्बंध आणले. काहींना ७० टक्के गॅस आणि ३० टक्के डिझेल अशी ‘ड्युअल फ्युएल’ जोडणी करावी लागली. काहींना धुरातले किमान ७० टक्के सूक्ष्म कण अडवणारं आरईसीडी उपकरण बसवावं लागलं. जनरेटरच्या ताकदीप्रमाणे नियम बदलतो. एका आदेशाने हजारो सोसायट्या, रुग्णालयं आणि कारखाने एकदम गिऱ्हाईक झाले. मग याच विषयावरचे लेख मासिकांतून सतत येऊ लागले. त्यांतले काही खरोखर उपयोगी होते आणि बरेचसे ब्रोशरच होते.

उपयोगी लेख कसा तयार होतो, ते एका उदाहरणावरून सांगतो. साहिबाबादच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीने मला बोलावलं. मार्केटिंगने आधीच एक ड्राफ्ट केला होता आणि त्यात ‘अत्याधुनिक’ हा शब्द दर परिच्छेदात होता. मी म्हटलं, गिऱ्हाइकाची तक्रार आल्यावर बॅग उचलून जातो, तो माणूस मला भेटवा. तासाभराने एक तरुण सर्व्हिस इंजिनिअर आला. बोटांच्या पेरांत काजळी, मोबाइलमध्ये शेकडो फोटो. त्याने एका इमारतीतल्या फिल्टरचा फोटो दाखवला, पूर्ण चोंदलेला. सेट ५०० केव्हीएचा, म्हणजे सुमारे ४०० किलोवॉटचा. रात्री त्यावर भार मात्र जेमतेम ८० किलोवॉट.

तो म्हणाला, ‘‘सर, लोड नाही तर धूर थंड. धूर थंड तर काजळी जळत नाही. मग फिल्टरचा काय दोष?’’

त्या अख्ख्या लेखात यापेक्षा मोलाचं वाक्य नव्हतं. फिल्टरमध्ये अडकलेली काजळी आपसूक जळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. उत्प्रेरकाचा थर दिला, की बऱ्याच कमी तापमानाला काम भागतं, पण तेवढं तापमानही कमी भारावर चालणाऱ्या इंजिनाच्या धुरात येत नाही. काजळी साचत जाते आणि इंजिनावर मागून दाब वाढतो. या दाबाला इंजिनिअर ‘बॅक प्रेशर’ म्हणतात. तो इंजिन बनवणाऱ्याने घालून दिलेल्या मर्यादेबाहेर गेला, की डिझेल जास्त लागतं आणि इंजिनाचं आयुष्य कमी होतं. म्हणून काही उपकरणांत काजळी जाळायला विजेचा हीटर असतो, तर काहींत फिल्टर काढून साफ करावा लागतो. कुठल्या सेटला काय बसवायचं, हे त्या सेटचा रोजचा भार बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

हे सगळं मी लेखात घातलं. मार्केटिंगने तो परिच्छेद काढला, कारण त्यात आमचं उपकरण चोंदतं असं दिसतं. मी म्हटलं, परिच्छेद राहणार नसेल तर लेख देत नाही. दोन-तीन दिवस फोनाफोनी झाली. शेवटी परिच्छेद राहिला, शब्द थोडे मऊ झाले. लेखावर नाव मात्र वरच्या साहेबांचं गेलं. त्या सर्व्हिस इंजिनिअरचं नाव निदान शेवटच्या ओळीत तरी यावं यासाठी मी बराच आग्रह धरला, पण ते झालं नाही. मला या धंद्यात सर्वांत जास्त खटकतं ते हेच. लेख दुसऱ्याने लिहून देण्यात मला गैर वाटत नाही. उत्तम इंजिनिअरला लिहायला वेळ नसतो, पुष्कळदा लिहिण्याची सवयही नसते, आणि त्याच्या डोक्यातलं ज्ञान कागदावर आणणं हे प्रामाणिक काम आहे. पण ज्याच्या कामातून लेख उभा राहिला त्याचंच नाव गाळायचं, हा अन्याय आहे. त्यात वाचकाचंही नुकसान होतं. अडचण आली तर कोणाला विचारायचं, हे त्याला कळत नाही.

पूर्वी असं नव्हतं. दिल्लीपासून फार लांब नसलेल्या रुरकीत, थॉमसन कॉलेजचे प्राचार्य मेजर मेडली यांनी १८६३ मध्ये भारतीय अभियांत्रिकीवरचे निबंध छापायला सुरुवात केली. कालवे, पूल आणि इमारती बांधणारे इंजिनिअर त्यात स्वतःच्या कामाबद्दल लिहीत. महाराष्ट्रात शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ काढली. ती कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेण्यासाठीच होती, आणि तसं ती उघड सांगत होती. पुढे तिचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, ही गोष्ट मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको. काँक्रीटवरचं ‘इंडियन काँक्रीट जर्नल’ १९२७ पासून सिमेंट उद्योगाच्या आधारावर चाललं, तरी इंजिनिअर आजही ते संदर्भासाठी उघडतात. स्वित्झर्लंडच्या ब्राऊन बोव्हेरीने १९१४ मध्ये स्वतःचं तांत्रिक नियतकालिक काढलं, आणि आजचा ‘एबीबी रिव्ह्यू’ त्याच परंपरेतला. म्हणजे कंपनीच्या पैशाने निघालेलं लेखन कमअस्सलच असतं, असं नाही. त्यात गिऱ्हाइकाला माहिती द्यायची आहे की नुसतं भुलवायचं आहे, यावर सगळं ठरतं. आज पुण्याहून निघणारं मराठी ‘धातुकाम’ वाचा. कारखान्यात प्रत्यक्ष काम करणारी माणसं त्यात टूल, फिक्स्चर आणि सायकल टाइमबद्दल लिहितात. दिल्ली परिसरातल्या मासिकांतही असे लेख वाढावेत, अशी माझी फार इच्छा आहे.

आता पैशाचं. कंपनीच्या अधिकाऱ्याच्या नावाने आलेल्या लेखासाठी मासिक सहसा मानधन देत नाही. लिहून देणाऱ्याला पैसे कंपनी देते. मासिकाची कमाई जाहिरातीवर चालते, आणि लेख पाठवणारी कंपनी बहुधा जाहिरातदारही असते. चांगला संपादक या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. लेखातून कंपनीचं आणि मालाचं नाव काढायला लावतो आणि आकडे कुठून आले ते विचारतो. पैसे घेऊन छापलेला मजकूर जाहिरात म्हणूनच ओळखता यावा, अशी प्रेस कौन्सिलची भूमिका आहे. पण पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेला ‘जाहिरात’ हा शब्द घाईत वाचणाऱ्याच्या नजरेला पडत नाही. तुमच्या लेखाची चारही पानं एकदा नीट तपासा.

लेखाचा मालक कोण, हेही लोक विचारतात. लेखक कंपनीचा पगारी नोकर असेल, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइट कंपनीचा. बाहेरच्या लेखकाने लिहिलं असेल, तर १९५७ च्या कायद्यानुसार हक्क आधी त्याचा, आणि तो सही केलेल्या लेखी कराराशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षं धरतात. हे काम करायला निघालेल्या तरुण इंजिनिअरांनी एवढं तरी वाचून ठेवावं. कंपन्यांनी मात्र त्याहून मोठा धोका ओळखावा. एखादी नवी युक्ती पेटंटसाठी अर्ज करण्याआधी मासिकात छापली, तर तिचं नवेपण संपतं. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये सवलत आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध अशा मोजक्या गोष्टींपुरती, आणि तीही १२ महिन्यांची. व्यापारी मासिकातला लेख त्यात बसत नाही. म्हणून आधी द्वारकेतल्या पेटंट कार्यालयात निदान तात्पुरता अर्ज दाखल करावा आणि मगच लिहिणाऱ्याला बोलवावं.

तुमचा शेवटचा प्रश्न भरवशाचा, आणि खरं काम तिथेच आहे. लेखात ‘७० टक्के कण अडवतो’ असं लिहिलं असेल, तर पेन्सिल घेऊन बसा. ही मोजणी किती भारावर केली? उपकरण नवं असताना की काही शे तास चालल्यावर? कोणाच्या प्रयोगशाळेत? पुण्यातली एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट अशा संस्थांमध्ये चाचण्या होतात, त्यांचा अहवाल मागता येतो. आलेखाच्या दोन्ही अक्षांवर एकक लिहिलंय का? एकक नसलेला आलेख निव्वळ शोभेचा असतो. लेखात नायट्रोजन ऑक्साइड्सचा उल्लेख आहे का, की फक्त कणांचाच आकडा दिलाय? कण अडवणारा फिल्टर वायू अडवतोच असं नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, हे उपकरण कुठे नीट चालत नाही, हे लेखात कुठेतरी लिहिलं आहे का? मी संपादकीय टेबलावर असताना आलेला लेख आधी याच एका गोष्टीसाठी चाळत असे. मर्यादा सांगणारा लेख कोणीही लिहिलेला असो, कंपनीचा असो वा नसो, तो विश्वासाने वाचावा. एकही मर्यादा नसलेला लेख उपाध्यक्षांनी स्वतःच्या हाताने लिहिला असला, तरी बाजूला ठेवावा.

तुमच्याकडे याहून चांगला पुरावा आधीच आहे, आणि तो जनरेटर रूमच्या लॉगबुकात आहे. गेल्या वर्षभरात वीज गेल्यावर सेट किती तास चालला आणि त्या वेळी मीटरवर किलोवॉट किती होते, हे काढा. सोसायट्यांचे सेट पुष्कळदा सगळ्या घरांचे एसी एकदम चालतील या हिशेबाने घेतलेले असतात आणि जानेवारीच्या रात्री लिफ्ट, पंप आणि दिव्यांपुरतेच चालतात. तुमच्याकडेही तसंच असेल, तर त्या कंपनीला पत्र लिहा, की आमचा सेट इतक्या ताकदीचा, हिवाळ्यात भार इतका, तुमचा फिल्टर या भारावर किती तासांनी साफ करावा लागेल, ते लेखी कळवा. भेटीसाठी विक्रीच्या माणसासोबत सर्व्हिस इंजिनिअरही पाठवा, असंही त्यातच लिहा. तो आला, की त्याला चहा द्या आणि चोंदलेल्या फिल्टरचे फोटो दाखवायला सांगा.