पाण्याने कोरलेली लेणी

गुहा हा शब्द उच्चारताच आपणांपैकी बहुतेकांना घारापुरीची आठवण होते. उरण तालुक्यातील ह्या बेटावरील लेणी युनेस्कोने १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत घेतली. कान्हेरी, कार्ले, भाजे ही नावेही आपल्या परिचयाची आहेत. परंतु ही सर्व लेणी मनुष्याने छिन्नी-हातोडा घेऊन खोदली आहेत. सृष्टीने स्वतः घडविलेल्या गुहा ह्याहून निराळ्या होत. त्या कशा घडतात, आपल्याकडे त्या का नाहीत, आणि त्या पाहावयास जाणाऱ्याने कसे वागावे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम आपल्या पायाखालची भूमी पाहू. पारसिकची डोंगररांग, खारघरचा डोंगर, कर्नाळ्याचा सुळका ही सर्व काळ्या पाषाणाची आहेत. ह्या पाषाणास बेसाल्ट म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारस वाहून आला, त्याचे थरावर थर साचले, आणि निवून त्यांचा हा कातळ झाला. पावसाचे पाणी ह्या कातळास झिजविते, फोडते; परंतु साखरेप्रमाणे विरघळवून त्यात मोठी पोकळी पाडणे त्यास साधत नाही. चुनखडकाची गोष्ट वेगळी आहे. पाण्यात किंचित आम्ल असले की चुनखडक त्यात हळूहळू विरघळतो. म्हणून जेथे चुनखडक विपुल, तेथेच अशा विस्तीर्ण गुहा आढळतात.

ही क्रिया समजण्यास शाळेच्या प्रयोगशाळेतील एक साधा प्रयोग पुरेसा आहे. थोडा चुना पुष्कळशा पाण्यात ढवळून ते पाणी निवळू द्यावे व वरची स्वच्छ निवळी काचेच्या पेल्यात घ्यावी. मग शिक्षकांच्या देखरेखीखाली, निवळी तोंडात जाणार नाही अशी खबरदारी घेऊन, तीत नळीने श्वास फुंकावा. आपल्या श्वासातील कर्बाम्लवायूमुळे, म्हणजे ज्यास आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो त्यामुळे, निवळी दुधासारखी पांढरी होते. हे पांढरे कण चुनखडकाच्याच द्रव्याचे असतात. निवळी पातळ असेल व फुंकणे बराच वेळ चालू ठेवले, तर ते कण पुन्हा विरघळून पाणी स्वच्छ होऊ लागते. आता तेच पाणी तापवावे. कर्बाम्लवायू निघून जातो आणि पांढरा गढूळपणा परत येतो.

सृष्टीत हेच घडते, मात्र लक्षावधी वर्षांच्या संथ गतीने. पावसाचे पाणी हवेतून थोडा, आणि कुजणारा पाचोळा व झाडांची मुळे ह्यांमुळे मातीतून पुष्कळ कर्बाम्लवायू घेते. असे पाणी चुनखडकाच्या फटींत शिरून त्याचा अंश विरघळवून नेते. फटीची भेग होते, भेगेचे भुयार होते, आणि भुयाराची गुहा होते. पुढे भूजलाची पातळी खाली गेली म्हणजे गुहेत हवा शिरते. छताला लोंबणाऱ्या थेंबातील वायू ह्या हवेत निघून जातो व चुन्याचा सूक्ष्म कण छतालाच चिकटून राहतो. अशा असंख्य कणांचा अधोमुखी लवणस्तंभ तयार होतो. थेंब जेथे पडतो तेथे भूमीवरही चुना साचून ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ उभा राहतो. कालांतराने दोहोंची गाठ पडून खांब बनतो. येथे लवण ह्या शब्दाचा अर्थ क्षार असा घ्यावयाचा. खाण्याच्या मिठाशी त्याचा संबंध नाही. हे स्तंभ वर्षाकाठी बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या अंशाच्या आसपासच वाढतात. त्या मानाने बोटभर लांबीच्या तुकड्यास कित्येक शतके लागली असली पाहिजेत.

अशा स्तंभांचा नमुना महाराष्ट्रात मुळीच नाही असे मात्र नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यात वडगाव दर्या म्हणून गाव आहे. तेथील दऱ्यात देवीचे स्थान असून कातळाच्या कपारीत लवणस्तंभ दिसतात. काळ्या पाषाणातही चुन्याचा काही अंश असतोच; झिरपणारे पाणी तो बाहेर आणते व तेथे साठविते. आपल्या शेतांत सापडणारे चुनखडीचे खडे ह्याच रीतीने झालेले असतात. त्याच तालुक्यात निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळगेही पाहावयास मिळतात. तेथे पाण्याने दगडगोटे फिरवून कातळ घासला आहे. एकाच सहलीत पाण्याची ही दोन्ही कामे पाहता येतील.

परंतु खऱ्याखुऱ्या चुनखडकाची गुहा पाहावयाची तर पूर्वेस बस्तरकडे जावे लागते. नागपूरकर भोसल्यांना खंडणी देणाऱ्या ह्या जुन्या संस्थानातील हलबी बोलीत मराठीची छटा आजही आढळते. जगदलपूरजवळ कांगेर घाटीचे अरण्य आहे. त्यास १९८२ साली राष्ट्रीय उद्यान करण्यात आले. त्यातील कुटुमसरची गुहा विख्यात आहे. अरुंद मुखातून खाली उतरताच बाहेरचा प्रकाश संपतो आणि पुढे लवणस्तंभांनी भरलेली दालने लागतात. पावसाळ्यात गुहेत पाणी शिरते, म्हणून त्या दिवसांत ती बंद असते.

कुटुमसरच्या पाण्यात एक लहानसा मासा राहतो. ज्या जातीत शास्त्रज्ञ त्यास गणत आले आहेत, त्या जातीचे वर्णन फ्रान्सिस डे ह्यांनी १८७२ साली पुण्याकडील माशांवरून केले होते. पुण्याच्या ओढ्यातील मासा डोळस व रंगीत; गुहेतील त्याच्या भाईबंदांचे डोळे मात्र क्षीण झालेले, काहींचे तर जवळजवळ नाहीसेच, आणि अंगाचा रंगही फिकटलेला. जेथे कधीच उजेड पोहोचत नाही तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिल्याने जीव कसा पालटतो, ह्याचा हा प्रत्यक्ष पाठ होय.

ह्याच अरण्यातील दंडक गुहेचे महत्त्व तर आपणा महाराष्ट्रीयांस विशेष आहे. लवणस्तंभ कापला असता त्यात झाडाच्या खोडाप्रमाणे थर दिसतात. पाण्याबरोबर युरेनियम थरात येते, थोरियम बहुधा येत नाही. पुढे युरेनियमपासून थोरियम ठराविक गतीने निपजते. त्या दोहोंचे प्रमाण मोजून थराचे वय कळते. तसेच थरातील प्राणवायूचे हलके व जड परमाणू मोजले असता त्या काळी पाऊस जोराचा होता की क्षीण, ह्याचा अंदाज बांधता येतो. दंडक गुहेतील लवणस्तंभाचा असा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात इसवी सनाच्या सातव्या शतकापासून सुमारे नऊशे वर्षांच्या पर्जन्याची नोंद मिळाली. १३९६ साली सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ आपल्याकडे इतिहासात प्रसिद्ध आहे. तो बारा वर्षे टिकला व गावेच्या गावे ओस पडली, असे परंपरा सांगते. त्या काळच्या थरांतही पर्जन्य क्षीण झाल्याची खूण आढळली. आपल्या पूर्वजांच्या मुखी राहिलेल्या आपत्तीची साक्ष दूरच्या अरण्यातील एका पाषाणाने दिली! मेघालयातील मॉम्लूह गुहेच्या लवणस्तंभाचे महत्त्व तर इतके मानले गेले की, भूशास्त्रज्ञांनी ४२०० वर्षांपूर्वीपासून आजपर्यंतच्या कालखंडास २०१८ साली मेघालयन हे नाव दिले.

आता मुख्य मुद्दा. ज्या स्तंभात शतकांची नोंद आहे, तो आठवण म्हणून मोडून नेणे म्हणजे दप्तरखान्यातील एकुलत्या एका वहीचे पान फाडण्यासारखे आहे. त्याची दुसरी प्रत कोठेही मिळणार नाही. हाताचा तेलकट स्पर्शही घातक असतो, कारण तेलाच्या थरावर चुना नीट बसत नाही व त्या जागी वाढ खुंटते. मशालीच्या धुराने भिंती काळवंडतात. दिव्यांच्या उजेडाने शेवाळ माजते. फार काय, नुसता श्वासही गुहेस बाधतो. फ्रान्समधील लास्को गुहेतील प्राचीन चित्रे १९४० साली काही तरुण मुलांना आढळली. प्रेक्षकांची रीघ लागली. त्यांच्या श्वासाने व दिव्यांनी चित्रांस अपाय होऊ लागला. शेवटी १९६३ साली ती गुहा लोकांस बंद करावी लागली. कोणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता, तरी हानी झाली, हे ध्यानात ठेवावे.

म्हणून गुहा पाहावयास जाताना स्थानिक वाटाड्याशिवाय आत जाऊ नये, आखलेली वाट सोडू नये, कशासही हात लावू नये, भिंतीवर नाव कोरू नये, पाण्यात काही टाकू नये, आणि पावसाचे चिन्ह दिसताच बाहेर यावे.

शेवटी आणखी एक गोष्ट. आपल्या घरांच्या, शाळेच्या, पुलांच्या भिंतींत जे सिमेंट आहे, ते चुनखडकच भट्टीत भाजून तयार होते. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यात असा चुनखडक आहे व तेथे सिमेंटचे कारखानेही आहेत. १९७० नंतर उभारलेले आपले नवे शहर ह्या पाषाणाचे ऋणी आहे. तेव्हा चुनखडक खणूच नये, असे म्हणण्याचा अधिकार आपणांस पोहोचत नाही. परंतु कोणता डोंगर खणावा आणि कोणता राखावा, हा निवाडा उद्या तुमच्यापैकीच कोणी अभियंता, अधिकारी किंवा सामान्य नागरिक म्हणून करणार आहे. तो करण्यापूर्वी त्या डोंगराच्या पोटात काय साठले आहे, एवढे त्याने पाहून घ्यावे.