कॉक्लिअर इम्प्लांट व शब्दग्रहण : वैद्यांसाठी काही विचार

प्रस्तावना

‘झील दीड वर्षाचो झालो, अजून बोलणा नाय,’ ही तक्रार मालवण किनाऱ्यावरील वैद्यांना अपरिचित नाही. घरातील वडीलधारी मंडळी ‘आमच्या कुळात मुले उशिराच बोलतात’ अशी समजूत घालतात आणि कानात तेल सोडावे म्हणून बालकास आपल्याकडे आणतात. त्या दिवशी ‘यास ऐकू येते काय?’ हा प्रश्न आपण विचारतो की नाही, यावर पुष्कळदा त्याची वाचा अवलंबून असते. कॉक्लिअर इम्प्लांट केलेल्या व्यक्तीस बोलणे कसे कळते, हे समजून घेतल्यास या प्रश्नाची निकड ध्यानी येईल.

शास्त्रविचार

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात २८ कर्णरोग सांगितले आहेत. त्यांपैकी बाधिर्यात वायू, एकटा किंवा कफयुक्त, शब्दवह स्रोतसाचा अवरोध करतो. बालकांचे व जुनाट बाधिर्य वर्ज्य मानण्याचा संकेतही परंपरेत आढळतो. आधुनिक शारीराप्रमाणे जन्मजात तीव्र बाधिर्यात बहुधा कर्णावर्तातील, म्हणजे अंतःकर्णातील शंखाकृती नलिकेतील, रोमपेशी निकामी असतात. कर्णपूरणाचे तेल कानाच्या पडद्याशीच थांबते, तेथवर पोहोचत नाही. कर्णपूरणाचे क्षेत्र वेगळे आहे, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

यंत्राचे कार्य

१९७८ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे डॉ. ग्रॅमी क्लार्क यांनी बहुविद्युदग्र इम्प्लांट बसविले. मुंबईत हे कार्य रुजविणाऱ्या डॉ. मिलिंद कीर्तने यांना २०१४ मध्ये पद्मश्री लाभली. या उपकरणात कानामागील बाह्य यंत्र ध्वनी टिपते व त्याचे उच्च-नीच पट्टे पाडते. त्वचेखालील भाग ते विद्युत्स्पंदनांच्या रूपाने थेट श्रवणनाडीस पोहोचवितो. निरोगी कानात सुमारे ३,५०० आंतर रोमपेशी हे कार्य करतात. येथे विद्युदग्रे साधारण १२ ते २२ असतात. शिवाय प्रवाह आजूबाजूस पसरत असल्याने प्रत्यक्ष स्वतंत्र मार्ग त्याहूनही कमीच मिळतात.

इतक्या तोकड्या सामग्रीवर बोलणे कसे कळावे? १९९५ मध्ये रॉबर्ट शॅनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, शांत जागी ध्वनीचे केवळ तीन-चार पट्टे मिळाले, तरी श्रोता बरेचसे बोलणे ओळखतो. उरलेले मेंदू आपल्या भाषाज्ञानाने भरून काढतो.

काय कळते, काय निसटते

हे आपल्या घरच्या शब्दांवरून पाहू. ‘मीठ’ व ‘पीठ’ यांतील भेद उच्चाराच्या प्रकाराचा असल्याने तो तुलनेने सहज कळतो. ‘पाट’ व ‘ताट’ यांत भेद केवळ उच्चारस्थानाचा; तो यंत्रातून अस्पष्ट येतो. मात्र ‘प’ ओठांवर दिसतो, ‘त’ दिसत नाही. म्हणजे यंत्र जेथे कमी पडते, तेथे डोळे साह्य करतात. ‘काल’ व ‘काळ’ यांत ओठही साह्य करीत नाहीत. तेथे वाक्याचा संदर्भच उपयोगी पडतो.

स्वराची उंची हा यंत्राचा सर्वांत दुबळा भाग होय. ‘बाबा इले’ आणि ‘बाबा इले?’ यांतील फरक केवळ सुराचा; तो अनेकदा निसटतो. भजनाचा ठेका कळतो, चाल मात्र कळेलच असे नाही. बंदरावरील मासळीच्या लिलावात, दशावताराच्या रंगणात किंवा पावसाच्या माऱ्याखाली शब्द गोंगाटात बुडून जातात. अशा वेळी मूल ‘दुर्लक्ष करते’ असे म्हणणे अन्यायाचे आहे.

वयाचे महत्त्व

ज्यास भाषा आल्यानंतर बहिरेपण आले, त्याचा मेंदू नव्या ध्वनीची जुन्या स्मृतीशी सांगड घालतो. जन्मबधिर बालकास ही स्मृतीच नसते. तिची जडणघडण यंत्रातूनच व्हावयाची असते. श्रवणाशी निगडित मेंदूची ग्रहणक्षमता पहिल्या साडेतीन वर्षांत सर्वाधिक असते व सात वर्षांनंतर फार उणावते. म्हणून पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान व सहाव्यापर्यंत उपाययोजनेस प्रारंभ, असा दंडक सांगितला जातो.

आपले कर्तव्य

१. भांडे पडल्यावर मूल वळते, एवढ्यावर विसंबू नये. कंपनामुळे किंवा सावलीमुळेही ते वळते. शंका येताच बेरा तपासणीस पाठवावे. तेलाचा प्रयोग करून महिने दवडू नयेत.

२. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बाधिर्याचा समावेश आहे. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे व केंद्राच्या एडिप योजनेतील साह्याकडे पालकांचे लक्ष वेधावे.

३. शस्त्रक्रियेनंतर यंत्र सुरू झाले, तरी बोलणे आपोआप येत नाही. दिवसभर यंत्र लावून, समोर बसून, घरच्या मालवणीत भरपूर बोलावे. खाऱ्या दमट हवेत यंत्र कोरडे ठेवावे.

४. शिरोधारा, अभ्यंगापूर्वी बाह्य यंत्र उतरवावे व त्या जागी मर्दन टाळावे. डोक्यावर विद्युत्-उपचार वर्ज्य. कानामागे सूज किंवा ताप आल्यास त्वरित शल्यचिकित्सकांकडे पाठवावे.

उपसंहार

यंत्र ध्वनी देते, अर्थ मेंदू घडवितो आणि मेंदू घडविण्यास काळ थोडा असतो. त्या थोड्या काळात आपल्या दारी आलेले बालक योग्य ठिकाणी धाडणे, हीही चिकित्साच होय. अलमतिविस्तरेण.