रंग काढण्याआधी

१. रंगीत फाइल शेवटपर्यंत जपा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर कृष्णधवल बघायला हरकत नाही, उजेड-सावली चटकन कळते. पण फोटो रॉ फाइलमध्येच घ्या. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या मिळतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. आषाढातलं आभाळ गडद करायला गेलं की जेपेगमध्ये पट्टे उमटतात.

२. नुसतं ‘डीसॅच्युरेट’ करू नये. फोटोशॉपमधली ही सोय शुद्ध लाल, हिरवा आणि निळा या तिघांनाही एकाच करड्या छटेत बसवते. मी वारीचे फोटो काढतो, तिथे हे लगेच खटकतं. डोक्यावरच्या तुळशीची पानं मागच्या बाईच्या लाल लुगड्यात विरून जातात. त्याऐवजी ‘ब्लॅक अँड व्हाइट’ लेअर घ्या, हिरवा स्लायडर थोडा वर, लाल खाली. पानं सुटी होतात. अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स १९२७ साली योसेमिटीत हेच करत होता. हाफ डोमच्या कड्यासमोर आधी त्याने पिवळा फिल्टर लावला, मग गडद लाल. आभाळ जवळजवळ काळं झालं आणि कड्याला त्याचा दरारा मिळाला. त्याला हा निर्णय शटर दाबण्याआधी घ्यावा लागला. आपण घरी बसून घेतो, म्हणून त्याचं मोल कमी होत नाही.

३. चेहरे उजळू नका. माणसाची कातडी मुख्यतः लाल आणि पिवळ्या स्लायडरवर हलते. हे दोन्ही वर नेले की वारकरी गोरे होतात आणि बघणारे ‘छान आलाय’ म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. गोपीचंदनाची रेघ उठते ती उन्हात रापलेल्या कपाळावर. कपाळ उजळलं की रेघ पुसट होते. अडचण अशी की भगवी पताकाही त्याच स्लायडरांवर हलते. पताका आभाळातून वेगळी काढायची असेल तर मास्क करून तेवढीच उचला. वेळ लागतो, लागू द्यावा.

४. डॉजिंग-बर्निंग, म्हणजे निवडक भाग उजळणं किंवा गडद करणं, मूळ फोटोवर नको. ५० टक्के करड्या रंगाचा वेगळा लेअर ‘सॉफ्ट लाइट’वर ठेवून अगदी फिक्या ब्रशने हात फिरवत राहा. डार्करूममध्ये एन्लार्जरच्या उजेडात तळहात हलता ठेवत, तसाच. धोतराच्या चुण्या मात्र सांभाळा. पांढरं पूर्ण उडालं की प्रिंटमध्ये तिथे कोरा कागद उरतो.

५. ‘क्लॅरिटी’ जपून. जास्त झाली की माणसांभोवती पांढरी कड दिसू लागते.

६. प्रिंट करायचंच. मॉनिटर बहुधा गरजेपेक्षा जास्त उजळ असतो, त्यामुळे प्रिंट काळवंडून येतं. आधी लहान पट्टी छापून दिवसाउजेडी बघा. मॅट कागदावर काळा तेवढा खोल उतरत नाही आणि सावल्यांतले बारकावे आधी बुडतात. त्या जरा उचलून मगच मोठं प्रिंट करायला द्या.