अरे कॉलनी की अगं कॉलनी?

विजेचं बिल आलं की आमच्या घरात एक ठरलेला प्रयोग होतो. आमचे हे चष्मा लावतात, कपाळाला आठ्या घालतात आणि कुणाला तरी जबाबदार धरायच्या सुरात म्हणतात, "या महिन्यात तीनशे दहा युनिट!" परवाच्या प्रयोगाला आमची नात हजर होती. चार वर्षं पुरी व्हायला तिला दोन महिने आहेत. तिने हातातली बाहुली खाली ठेवली, हॉलभर नजर फिरवली आणि काळजीने विचारलं, "आजोबा, एवढ्या म्हशी बांधणार कुठे?"

आम्हाला उलगडा व्हायला मिनिटभर लागलं. आमचं घर गोरेगाव पूर्वेला, आरे कॉलनीच्या अगदी वेशीवर. आरेत म्हशींच्या तबेल्यांना युनिट म्हणतात. रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा तोही युनिटच्या नंबरावरून. "युनिट म्हणजे म्हशींचं घर" हे नातीला फिरायला नेताना मीच शिकवलेलं. तिने ते लक्षात ठेवलं आणि बरोबर जागी वापरलं. विजेच्या कंपनीनेही तोच शब्द उचललाय, हा काही तिचा दोष नाही.

आई-बाबांनो, आज तुमच्याशी बोलायचंय ते याच गोष्टींबद्दल. मुलं काहीतरी बोलून जातात, आपण पोट धरून हसतो, फॅमिली ग्रुपवर टाकतो आणि विसरतो. पंचवीस वर्षं बालवाडीत शिकवल्यावर आणि आता आजीपणाची नोकरी करताना मला एक गोष्ट पटली आहे. मूल विनोद करत नसतं. ते विचार करत असतं, आणि तोही आपल्यापेक्षा काटेकोर.

त्याच आठवड्यातली गोष्ट. रिक्षा आरेच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना झाडं, मध्येच तबेल्याचा वास, मागून हॉर्न. नात म्हणाली, "आजी, ती कॉलनी ना?"

"हो, ती कॉलनी."

"मग तिला सगळे अरे का म्हणतात? अगं कॉलनी म्हणायला पाहिजे."

रिक्षावाला इतका हसला की त्याने वेग कमी केला. मीही हसले, पण घरी येईपर्यंत मनात तेच घोळत होतं. 'कॉलनी' हा परका शब्द. तो स्त्रीलिंगी आहे, हे या पोरीला शिकवलं कुणी? कुणीच नाही. आपण 'छोटी कॉलनी', 'आपली कॉलनी' म्हणतो ते ऐकून तिने स्वतःच ठरवलं. बाईला हाक मारताना 'अगं' आणि पुरुषाला 'अरे', हा नियमही तिचा तिनेच काढला. मग दोन्ही नियम शेजारी ठेवले आणि त्यात तिला चूक दिसली. मोठेपणी मराठी शिकणारा माणूस तो, ती, ते यांच्या जंजाळात वर्षानुवर्षं अडखळतो. हिने ते जंजाळ बोळक्यात वरणभात शिजवता शिजवता पार केलं होतं.

'आरे'चं नाव तिला कोड्यात टाकतं तसं 'छोटा काश्मीर'ही टाकतं. बाग पाहून झाली, तळं पाहून झालं, तेव्हा तिने विचारलं, "मोठा काश्मीर आत ठेवलाय का?" आमच्या घरी चांगल्या वस्तू कपाटात आत असतात. पाहुण्यांसाठी काढायच्या. तिचा तर्क तिथून आलेला.

आता तुमच्या घरात डोकावून बघा. मूल म्हणतं, "मी चित्र करलं." तुम्ही म्हणता, "करलं नाही रे, केलं म्हण." पण धरणे-धरलं, भरणे-भरलं, मारणे-मारलं, मग करणे-करलं का नाही? 'केलं' हे मराठीचं आडमुठेपण आहे, मूल नियमाने चाललंय. १९५८ साली जीन बर्को या संशोधक बाईंनी अमेरिकेतल्या मुलांना कधी न ऐकलेले बनावट शब्द दिले. त्यातल्या बऱ्याच शब्दांची अनेकवचनं मुलांनी नियमाप्रमाणे केली. पोपटपंचीने असं होत नाही. आत कुठेतरी नियम तयार झालेला असतो. म्हणून 'करलं' ऐकलंत तर समजा, तुमच्या मुलाला मराठीचं व्याकरण सापडलंय. अपवाद तेवढे राहिलेत.

आणखी एक गंमत आपल्या भाषेच्या घरांत होते. दिवसभर आईपाशी असणारा मुलगा ऐटीत सांगतो, "मी दमले", "मी आंघोळीला जाते." एका आईने मला घाबऱ्या आवाजात विचारलं होतं, "बाई, याचं काही चुकतंय का?" काही चुकत नाही. तो ज्या माणसाकडून भाषा घेतोय ते माणूस 'मी जाते' म्हणतं. घरात बाबा, आजोबा, मामा बोलायला लागले की आपोआप 'जातो' येतं. मग उपाय कुणाकडे आहे, ते बाबांनी ओळखावं.

चूक दुरुस्त करायची असेल तर ती उत्तरात गुंडाळून द्या. "मी चित्र करलं" याला "अरे वा, तू चित्र केलंस! हे कोण, म्हैस?" एवढं पुरे. मुलाच्या कानावर बरोबर शब्द पडतो आणि गप्पाही चालू राहतात. गप्पा थांबवून व्याकरण शिकवलंत तर दोन्ही जातं.

हे ऐकण्याचं शास्त्र आपल्या महाराष्ट्रात नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. मुलं शाळेकडे येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. पानं, खडे, शिंपले हीच साधनं. शिकवणाऱ्याने आधी मुलाच्या जगात जायचं, ही त्यामागची अट. आरेतही वारली पाडे आहेत, तेही तबेल्यांच्या कितीतरी आधीपासून. तिथलं मूल शाळेत येऊन एखादा वेगळा शब्द बोलतं आणि वर्ग हसतो, तेव्हा तो शब्द चुकीचा नसतो. ती त्याच्या आजीची भाषा असते. आपल्या मुलांना हे आपणच सांगायला हवं.

परदेशातही कुणी कुणी हा कान लावला. कोर्नेई चुकोव्स्की या रशियन बालसाहित्यिकाने मुलांचे बोल वर्षानुवर्षं गोळा केले. त्यांचं पुस्तक १९२८ साली पहिल्यांदा निघालं, पुढे 'दोन ते पाच' या नावाने गाजलं आणि आवृत्तीगणिक वाढत गेलं, कारण देशभरातले आईवडील त्यांना पत्रं पाठवत राहिले. स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे यांनी मुलांना विचारलं, चंद्र कसा चालतो? लहान मुलं म्हणाली, आम्ही चाललो की तो आमच्या मागे येतो. आरेच्या रस्त्यावर रात्री रिक्षातून येताना आमची नात हेच म्हणते. फक्त ती पुढे विचारते, "त्याला कुणी एकटं सोडलं?"

भुयारी मेट्रोतही तेच. आम्ही हौसेने तिला आरेच्या स्टेशनवरून घेऊन निघालो. ते स्टेशन जमिनीवर आहे, तिथून गाडी पोटात शिरते. बाहेर काळोख झाला तशी ती काचेला नाक लावून बसली आणि जरा वेळाने हिरमुसून म्हणाली, "मुळं दिसतच नाहीत." झाडं वर, आपण खाली, मग मधे मुळं असायलाच हवीत. मला उत्तर द्यायची घाई झाली होती. बोगदा किती खोल, भिंत काँक्रीटची, वगैरे. तेवढ्यात जुनी सवय कामाला आली. विचारलं, "तुला काय वाटतं, कुठे गेली असतील?" ती म्हणाली, "मेट्रोला लागू नयेत म्हणून पाय वर घेतले असतील." बाकावर बसलेल्या प्रत्येकाने आपापले पाय बघितले.

"तुला काय वाटतं?" हे तीन शब्द, आई-बाबांनो, फ्रिजवर चिकटवून ठेवा. तबेल्यापाशी एकदा नातीने विचारलं, "आजी, म्हशींना हिंदीच कळतं का?" म्हशींना हाकणारा भैया त्यांच्याशी हिंदीत बोलत होता. मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" उत्तर आलं, "त्यांच्या बाबांना मराठी येत नाही ना, म्हणून." भाषा घरातून येते, हे यापेक्षा सोप्या शब्दांत मला कुठल्याही प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

हे सगळं मला आधीपासून कळत होतं असं समजू नका. माझा मुलगा चार वर्षांचा होता. घरी हळदीकुंकू, बायकांनी खोली भरलेली. भिंतीवर माझ्या सासऱ्यांचा हार घातलेला फोटो. मुलाने सगळ्यांदेखत विचारलं, "आई, फोटोतले आजोबा अजून म्हातारे का होत नाहीत?" अख्खी खोली हसली. मी सगळ्यांत मोठ्याने हसले. वर म्हटलं, "परत सांग रे, मावशीने ऐकलं नाही." त्याने सांगितलं नाही. तो स्वयंपाकघरात गेला आणि ओट्याखालच्या डब्यांशेजारी जाऊन बसला. मोठा झाल्यावर एकदा सहज बोलता बोलता म्हणाला, "मला वाटायचं आजोबा थांबलेत आणि मी मोठा होतोय, म्हणजे एक दिवस मी त्यांना गाठणार." मृत्यूबद्दलचा त्याचा पहिला प्रश्न होता तो. मी त्याची करमणूक करून टाकली. त्यानंतर किती तरी दिवस त्याने फोटोबद्दल काही विचारलं नाही.

म्हणून सांगते, हसू आलं तर हसा, पण त्याच्याकडे बघून नको, त्याच्याबरोबर. पाहुण्यांसमोर "परत म्हणून दाखव" नको. मोबाइल रोखून तेच वाक्य पुन्हा वदवून घेणं नको. पहिल्यांदा मूल विचार करून बोललेलं असतं; दुसऱ्यांदा ते टाळ्यांसाठी बोलतं. आणि ते जगभर पाठवायला त्याची परवानगी आपण घेतलेली नसते. जन्म-मृत्यूच्या प्रश्नांना थोडक्यात आणि खरं उत्तर द्या. "आजोबा झोपलेत" म्हटलंत तर रात्री दिवा मालवताना मूल रडेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

आमच्याकडे आणखी एक मोह असतो, बिबट्याचा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शेजारी, त्यामुळे आरेत बिबट्या खरोखरच येतो-जातो. घास गिळेना की कुणीतरी म्हणतंच, "जेव, नाहीतर बिबट्या येईल." मीही म्हटलंय. नातीने शांतपणे सांगितलं, "त्यालाही वाढ ना, भूक लागली असेल." आम्ही हसलो. त्या रात्री ती एकटी मोरीत जाईना. २०२२ च्या दिवाळीत आरेत एका चिमुकलीचा बिबट्याच्या हल्ल्यात जीव गेला आहे. अशा ठिकाणी बिबट्या हा जेवण भरवायचा चमचा नव्हे. पाड्यावरचे वारली लोक वाघोबाला पूजतात. त्याची जागा त्याला आणि आपली आपल्याला, हे त्यांच्या पोरांना लहानपणीच ठाऊक असतं. आपणही धाकाऐवजी नियम सांगावा. अंधार पडल्यावर एकटं बाहेर जायचं नाही, मोठ्यांचा हात सोडायचा नाही, दाराशी कचरा साठवायचा नाही. नियम मुलाला कळतो. धाक फक्त झोपेत येतो.

गमतीच्या गप्पांत एक काळजीचं वाक्य सांगून ठेवते. दोन वर्षांचं होऊनही मूल "पाणी दे", "बाबा ये" असे दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द गळायला लागले असतील, तर "आमच्यात सगळी उशिराच बोलतात" म्हणत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान तपासून घ्या.

बाकी खर्च एका शंभरपानी वहीचा. माझ्याकडे नातीची वही आहे. पहिल्या पानावर म्हशींचा प्रश्न आहे, तारखेसकट. मुलाची वही नाही. त्याचा एकच प्रश्न मला आठवतो, तोही मी हसले म्हणून. तुमच्या मुलाने आज दिवसभरात काहीतरी विचारलं असेल. ते झोपलं की त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, 'करलं' असेल तर 'करलं'च लिहा. उद्या आठवणार नाही.