झोपेतला करंट आधी मोज

अगं, बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूसाठी कन्व्हर्टरची चिप करायला घेतलीस ना, तर फुल लोडची एफिशियन्सी सगळ्यात शेवटी बघ. ज्या सेन्सरसाठी हे चाललंय, तो बहुतेक वेळ झोपलेलाच असणार. म्हणून आधी एक हिशेब मांड. सीआर २०३२ या बटण सेलमध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास असतात. वर्षाचे तास ८,७६०. भागाकार कर, सरासरी २५ मायक्रोअँपिअर हाती येतात. त्यात प्रोसेसर, रेडिओ, सेन्सर सगळ्यांचं भागवायचं. तुझा रेग्युलेटर नुसता जागा राहायला १० मायक्रोअँपिअर खात असेल, तर वर्षाकाठी ८८ मिलिअँपिअर-तास एकट्याने फस्त केले! लोडवरचे ९५ टक्के मग कुणाला दाखवायचे?

तेव्हा स्कीमॅटिक पुढ्यात घे आणि एकेका बायस शाखेवर बोट ठेवून विचार, ही आत्ता चालू हवीच का? फीडबॅकचे दोन रेझिस्टर हमखास सुटतात. १.८ व्होल्टच्या आउटपुटवर दोघांची बेरीज १८० किलोओहम असली, तर १० मायक्रोअँपिअर तिथेच वाहून जातात. खुशाल मेगओहमात जा. पण मग तो नोड नाजूक होतो, लेआउटमध्ये त्याला स्विचिंग नोडच्या आसपास फिरकू देऊ नकोस.

एलडीओला कमी लेखू नकोस. ३.६ वरून १.८ व्होल्ट काढायचे तर निम्मी ऊर्जा उष्णतेत जाते, हे खरं. तिथे बकच हवा. पण ३.६ वरून ३.३ हवे असतील तर तोच एलडीओ ९० टक्क्यांच्या वर जातो, इंडक्टरची जागाही वाचते.

स्विचच्या मॉसफेटची रुंदी वाढवत सुटू नये. ऑन-रेझिस्टन्स उतरतो, पण प्रत्येक सायकलला तेवढं मोठं गेट भरावं लागतं. वस्तू जास्तीत जास्त वेळ ज्या करंटवर चालते, तिथे हे दोन्ही तोटे सारखे होतील असं बघ. मोठ्या स्विचचे तुकडे पाड, हलक्या लोडला एकच चालव, आणि तिथे पीएफएम मोड हवाच.

सगळ्यात जास्त घात होतो तो बॅटरीला बेंचवरचा सप्लाय समजल्याने. बटण सेलचा अंतर्गत रोध २० ओहम धर. रेडिओने १५ मिलिअँपिअर ओढले की ०.३ व्होल्ट क्षणात खाली. जुन्या किंवा गारठलेल्या सेलमध्ये आणखी जास्त. त्यात कन्व्हर्टर मागतो ठरावीक पॉवर. व्होल्टेज उतरलं की तो उलट जास्त करंट ओढतो आणि सेल अजून खचतो. अंडरव्होल्टेज लॉकआउट लागला की लोड सुटतो, व्होल्टेज वर येतं, चिप पुन्हा सुरू, पुन्हा बंद. गिऱ्हाइकाच्या हातात वस्तू नुसती लुकलुकते. लॉकआउटचा हिस्टेरेसिस या घसरणीपेक्षा मोठा ठेव. टेस्टिंगला सप्लायच्या सिरीजमध्ये २० ओहम, मग ५० ओहम लावून बघ. हे टेप-आउटच्या आधी सिम्युलेशनमध्येही करता येतं, टाळू नकोस.

बाँड वायरलाही इंडक्टन्स असतो, मिलिमीटरला साधारण एक नॅनोहेन्री. एका नॅनोसेकंदात एक अँपिअर बदलला की त्यावर एक व्होल्टचा धक्का! म्हणून पॉवर ग्राउंड आणि बँडगॅपचं ग्राउंड यांचे पॅड वेगळे काढ, इनपुट कपॅसिटर पिनला चिकटून बसव. मोजताना प्रोबची लांब ग्राउंड वायर काढ, छोटी स्प्रिंग लाव. नाहीतर स्कोपवर दिसणारं रिंगिंग प्रोबचंच असेल आणि तू आठवडाभर चिपमध्ये दोष शोधत बसशील.